कारकुनाचा षड्ज

‘त्या नाटकानं माझं आयुष्य बदलून टाकलं,’ हे वाक्य मराठी माणूस दोनच ठिकाणी उच्चारतो. एक, सत्काराला उत्तर देताना. आणि दोन, मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभा असताना. पहिल्या ठिकाणी त्याच्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. दुसऱ्या ठिकाणी त्याचा स्वतःचा बसलेला असतो, पण वडा हातात पडेपर्यंतच. नाटक संगीत असेल तर हा परिणाम थोडा लांबतो. माणूस भैरवी कानात घेऊन बाहेर पडतो, स्कूटर शोधताना गुणगुणतो, कधी नव्हे ते बायकोला ‘दमलीस का गं?’ असं विचारतो, जगातल्या यच्चयावत माणसांना मनातल्या मनात क्षमा करून टाकतो, आणि स्कूटर सुरू होत नाही असं दिसलं की पुन्हा होता तसा होतो.

तरीही हे वाक्य निव्वळ थाप आहे असं मी म्हणणार नाही. त्याची नीट तपासणी झालेली नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. नाटकांवर लिहिणाऱ्या मंडळींचा एक ठरलेला पाचकलमी कार्यक्रम असतो : संहिता, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना आणि शेवटी ‘इतरांनी यथायोग्य साथ दिली’. एवढं लिहून झालं की टीकाकार दिवा मालवून झोपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेक्षकाचं काय झालं, याची चौकशी कोणी करत नाही. साधा सर्दी-खोकल्याचा डॉक्टरसुद्धा औषध दिल्यावर ‘दोन दिवसांनी दाखवून जा’ म्हणतो. नाटक अंगी लागलं की नाही हे पाहायला मात्र कुणी बोलावत नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीत हे काम त्यांचं आत्मचरित्र करतं. गांधीजींनी लहानपणी राजकोटला ‘हरिश्चंद्र’ नाटक पाहिलं. ते पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटे, पण दर वेळी परवानगी कोण देणार! तेव्हा मनातल्या मनात आपण हरिश्चंद्र किती वेळा होऊन पाहिला याला गणती नाही, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. पुढे त्यांनी सत्याचे प्रयोग केले. ‘प्रयोग’ हा शब्द त्यांनी नाटकवाल्यांकडून उचलला असं माझं म्हणणं नाही. पण नाटकवाल्यांनी अजून तसा दावा कसा केला नाही, याचं मला नवल वाटतं.

कधी कधी नाटकाला न केलेल्या कामाचंही श्रेय मिळतं. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ सालचं. कोवळी पोर थेरड्याच्या गळ्यात बांधणाऱ्या बापांची त्यात यथास्थित हजेरी घेतली आहे. पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. मुलीचं वय किमान १४ आणि मुलाचं १८. हा कायदा मांडला अजमेरच्या हरबिलास सारडांनी. पण मराठी घरांतून तो ‘शारदा कायदा’ म्हणूनच ओळखला गेला, आणि देवलांच्या शारदेनंच रडून रडून सरकारला नमवलं असं ठामपणे सांगणारे आजोबा मी स्वतः ऐकले आहेत. बिचारे सारडा! दोन अक्षरं इकडची तिकडे झाली आणि त्यांचा कायदा नाटकाच्या नावावर चढला.

पण गांधीजी काय किंवा देवल काय, ही थोरामोठ्यांची उदाहरणं झाली. थोर माणसांचं आयुष्य बदलायला तसं काहीही पुरतं. न्यूटनला एक सफरचंद पुरलं. माझा प्रश्न सातव्या रांगेतल्या, ‘एफ-१९’ वर बसणाऱ्या, दुसऱ्या दिवशी साडेदहाला कचेरीत हजर व्हायचं असणाऱ्या माणसाचा आहे. संगीत नाटक पाहून कारकुनाचं काय होतं?

आणि इथे आपला इतिहास मोठा उपकारक आहे. कारण मराठी संगीत रंगभूमी ज्यांनी उभी केली, ते अण्णासाहेब किर्लोस्कर कारकूनच होते. बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. जन्म ३१ मार्च १८४३. हिशेबाच्या टेबलावर आयुष्य काढणाऱ्या माणसानं जन्माला यावं तर अशा तारखेला! त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, म्हणजे मराठी नाटक आणि अण्णासाहेब हे जवळजवळ एका पाळण्यातले. १८८० साली ते पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. वय ३७. म्हणजे ज्या वयात सामान्य माणूस ‘आता आपलं काय व्हायचं राहिलंय!’ असं म्हणून पोटावरून हात फिरवायला लागतो ते वय. त्या वर्षी पुण्यात एका पारशी मंडळीनं ‘इंद्रसभा’ लावली होती, ती त्यांनी पाहिली.

‘इंद्रसभा’ हे लखनौच्या अमानत नावाच्या शायरानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लिहिलेलं उर्दू संगीत नाटक. त्यात इंद्र उर्दू बोलतो, पऱ्या गझला आणि ठुमऱ्या गातात, आणि सब्ज परी गुलफाम नावाच्या मानवी राजपुत्रावर भाळते. संहिता म्हणाल तर जेमतेम. पण पात्रं स्वतः गातात! अण्णासाहेबांना हे लागलं. आपल्या भाषेत असं का होऊ नये, असं त्यांनी मनावर घेतलं आणि कालिदासाचं शाकुंतल मराठीत, तेही पदांसकट, आणायला ते बसले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. सरकारी कचेरीतल्या माणसानं एक काम सुरू करून त्याच वर्षात चार अंकांपर्यंत नेलं, हे मला त्या नाटकाइतकंच अद्भुत वाटतं.

आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ‘इंद्रसभे’नं अण्णासाहेबांच्या मनात नाटक पेरलं नाही. ते आधीपासून होतंच. तरुणपणी बेळगावकडे मंडळी जमवून झाली होती, शंकराचार्यांवर एक गद्य नाटकही लिहून झालं होतं. मध्ये नोकरी आली, आणि नोकरी आली की ज्या गोष्टी माळ्यावर जातात त्या गेल्या. ‘इंद्रसभे’नं फक्त माळ्याला शिडी लावली. नाटक माणसाला नवं काही देत नाही. त्याचंच काहीतरी त्याला खाली काढून देतं.

पण अण्णासाहेबांनी केलेला खरा बदल वेगळाच आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. भाव्यांच्या नाटकात गाणं सूत्रधाराकडे आणि त्याच्या साथीदारांकडे असे. रडायचं सीतेनं आणि ते गाऊन दाखवायचं सूत्रधारानं. राम, रावण, राक्षस सगळ्यांच्या वतीनं तोच एकटा गाणार. जसा काही सगळ्यांचा मुखत्यार. अण्णासाहेबांनी ते मुखत्यारपत्र रद्द केलं. ज्याचं दुःख त्यानं गायचं. शकुंतलेचं शकुंतलेनं आणि दुष्यंताचं दुष्यंतानं. दिसायला केवढासा फरक! पण दुसऱ्यानं आपल्या वतीनं रडणं आणि आपण स्वतः रडणं यात जो फरक आहे तो आणि एवढाच संगीत नाटकाचा शोध आहे.

१८८२ सालचं ‘सौभद्र’ वाचा म्हणजे हे पटेल. नाव द्वारकेचं, पण घर अस्सल मराठी. वडीलधारा बलराम बहिणीचं लग्न दुर्योधनाशी परस्पर ठरवून मोकळा होतो, बहिणीचा जीव अर्जुनावर, आणि धाकटा कृष्ण वरकरणी ‘दादा म्हणेल तसं’ म्हणत आतून सगळी सूत्रं हलवतो. ही गोष्ट महाभारतात कशीही असो, अण्णासाहेबांनी ती ओसरीवर आणून ठेवली. चालीही तशाच : साकी, दिंडी, कामदा, कीर्तनातल्या, लावणीच्या, बायकांच्या गाण्यांच्या, कानडी मुलखातल्या. ऐकणाऱ्याला वाटावं की हे तर आपल्या घरात आहेच. दोष आहेत. पदं शंभराच्या पुढे जातात. पात्रानं दार उघडलं तरी पद आणि लावलं तरी पद. पुढे वन्समोअरच्या रोगानं तर संगीत नाटकाची रात्र इतकी लांबवली की प्रेक्षक नाटकाला संध्याकाळी जाई आणि दूध घेऊनच घरी येई. पण सुभद्रा जेव्हा स्वतःच्या तोंडानं आपली व्यथा गाते तेव्हा समोर बसलेल्या, लग्न ठरताना कोणी काही विचारलं नव्हतं अशा बाईच्या पोटात काय होत असेल, त्याचा हिशेब शंभर पदांच्या हिशेबापेक्षा मोठा आहे.

इथे मी माझ्या गावाचा एक दावा दाखल करून ठेवतो. गाव औरंगाबाद, २०२३ पासून सरकारदरबारी छत्रपती संभाजीनगर. दावा असा : सतराव्या-अठराव्या शतकात आमच्या गावात वली नावाचा शायर होऊन गेला. गुजरातेतली मंडळीही त्याच्यावर हक्क सांगतात, पण आम्ही तिकडे लक्ष देत नाही. त्याची दखनी वळणाची गझल अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीला पोचली आणि तोवर फारसीतच उसासे टाकणारे दिल्लीचे शायर आपल्या बोलीत लिहायला लागले. ती गझल दिल्लीहून लखनौला गेली, लखनौला अमानतनं ती इंद्राच्या दरबारात बसवली, दरबार पारशी मंडळींनी पुण्याला नेला, तिथे अण्णासाहेबांनी तो पाहिला आणि मराठी संगीत नाटक झालं. म्हणजे मूळ माल आमचा! फक्त परत यायला पावणेतीनशे वर्षं लागली. ते आलं १९७० च्या सुमाराला, आणि त्याचं नाव होतं ‘कट्यार काळजात घुसली’.

‘कट्यार’ पहिल्यांदा रंगमंचावर आलं १९६७ च्या डिसेंबरात. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी आणि खाँसाहेब आफताब हुसेन म्हणून वसंतराव देशपांडे. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. विश्रामपूरच्या दरबारात पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब यांच्यातली स्पर्धा, राजगायकाला मिळणारी कट्यार, त्या कट्यारीनं केलेला एक खून माफ, आणि मध्ये सदाशिव नावाचा एक पोरगा. हा सदाशिव लहानपणी मिरजेला पंडितजींचं गाणं एकदा ऐकतो आणि त्यानंतर त्याला दुसरं काही सुचत नाही. गुरू शोधत तो येतो तो गुरू परागंदा, आणि त्याच्या हवेलीत त्याचा वैरी. मग खाँसाहेबांच्याच घरात चाकरी करून तो चोरून गाणं ऐकतो. तेव्हा ‘कट्यार’ हे एकदा गाणं ऐकून आयुष्य बदललेल्या माणसाचंच नाटक आहे. पुढे बसलेल्याचं बदललं तर त्यात त्याचा फारसा दोष नाही.

तांत्रिक बाजूनं पाहिलं तर नाटकाचा तराजू थोडा कललेला आहे. पंडितजी इतके सज्जन की त्यांच्याकडे पाहून झोप यावी. खाँसाहेब अहंकारी, मत्सरी, भांडकुदळ आणि त्यामुळे जिवंत. प्रेक्षकानं सदाशिवाच्या बाजूनं असावं असं लेखकाला वाटतं, पण टाळ्या खाँसाहेबांना जातात. यातलं काही श्रेय वसंतरावांचं. घराण्याच्या भिंती चिणून बसलेल्या उस्तादाची भूमिका त्यांनी केली, आणि स्वतः मात्र नागपूरला शंकरराव सप्रे, लाहोरला असद अली खाँ, पुण्याला सुरेशबाबू माने अशा अनेक दारांवर थाप मारून ते शिकले होते. भिंती नसलेला माणूस भिंतींचा पहारेकरी झाला होता. आणि आणखी एक गोष्ट. हे वसंतराव वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी करत होते. बदली पार ईशान्येच्या नेफापर्यंत झाली. म्हणजे पुन्हा कारकूनच! मराठी संगीत नाटकाच्या दोन्ही टोकांना एकेक टेबल-खुर्ची आहे.

पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला खाँसाहेबांची उर्दूमिश्रित बोली म्हणजे ‘भाषेचा लहेजा’. आमच्याकडे तसं काही वाटायचं कारण नव्हतं. तो आमच्या गल्लीतला माणूस होता. शहागंजात घड्याळ दुरुस्त करणारा असा बोलतो, पैठण गेटला पानवाला असा बोलतो. त्यामुळे खाँसाहेब रंगमंचावर तावातावानं बोलायला लागले तेव्हा आमच्या मागच्या रांगेतून कुणीतरी त्याच बोलीत त्यांना ‘हौ, बरोबर है’ म्हणून पाठिंबा दिला होता, असं मामा सांगत.

हे मामा, म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ, माझा मुख्य पुरावा. एका सरकारी कचेरीत कारकून, राहायला औरंगपुऱ्यात, गाण्याशी संबंध आरतीपुरता. आरतीतही ते झांज वाजवत, कारण झांजेला सूर लागत नाही. ‘कट्यार’चं तिकीट त्यांनी काढलं नव्हतं. ते मामींनी काढलं होतं. शेजारणीबरोबर भिशीच्या पैशांतून. ऐन वेळी धाकटीला ताप भरला. मामी घरी राहिल्या आणि तिकीट वाया जाऊ नये, केवळ या एका उदात्त हेतूनं मामा नाटकाला गेले.

रात्री दीडला परत आले. ‘कसं होतं?’ असं मामींनी विचारलं. मामा काही बोलले नाहीत. कारकुनानं प्रश्नाला उत्तर न देणं यात विशेष काही नाही म्हणून मामीही झोपल्या. पहाटे पाचला घरात कसलासा आवाज झाला म्हणून त्या दचकून उठल्या. मामा ओसरीवर मांडी घालून ‘सा’ लावत होते.

आमच्या गल्लीत पहाटेचे दोन आवाज आधीपासून ठरलेले होते. एक मशिदीतली अजान आणि दुसरी मारुतीच्या देवळातली काकडआरती. दोन्ही सूर पक्के, आणि दोघांनी एकमेकांच्या वेळा सांभाळलेल्या. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आता मामा शिरले. आठव्या दिवशी दूधवाल्यानं वेळ बदलली. पंधराव्या दिवशी मामांनी जुन्या बाजारातून एक पेटी आणली, जिच्या काळ्या पाचमधली पट्टी दाबली की वर येत नसे आणि बोटानं उचलावी लागे. महिन्याभरानं गुरू आले. वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक वयस्क मियाँ. लग्नसराईत त्यांना सवड नसे, त्यामुळे मामांचं शिक्षण चातुर्मासात जोरात चाले.

सहा महिन्यांनी मियाँनी निदान सांगितलं. ‘साब, बुरा मत मानो. गला नै है आपका. मगर कान अल्ला ने बहोत अच्छा दिया. कान से भी गाना होता.’

दुसरा कोणी असता तर खचला असता. मामांनी ते बढतीचं पत्र मिळाल्यासारखं घेतलं. आणि खऱ्या बढतीचं पत्र आलं तेव्हा ते परत केलं. हेडक्लार्कची जागा होती, नांदेडला. ‘तिकडे शिकवणी कशी चालायची?’ म्हणाले. गळा नसलेल्या माणसानं गाण्यासाठी बढती सोडली ही गोष्ट कचेरीत विनोद म्हणून सांगितली जाई आणि नातेवाइकांत दुखवटा म्हणून. मामींना पगारातला फरक तोंडपाठ होता. तो त्या कधी भांडणात काढत नसत; मुलांच्या फीच्या दिवशी फक्त पुटपुटत, पाढा म्हटल्यासारख्या.

नाटकानं मामांचं आयुष्य बदललं, असं आमच्याकडे सगळेच म्हणत. मामींचंही बदललं होतं. ते कुणी म्हणत नसे.

मग एकदा असं झालं. मी तेव्हा अकरावीला होतो आणि शेजारच्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक उघडून कान तिकडे ठेवून बसलो होतो. मामा मारव्यातली एक ओळ घोटत होते. मारवा हा राग तसाही सरळ माणसाचं काम नव्हे. त्यात पंचम नाही आणि षड्जावर येऊन टेकायचीही चोरी. मामांचा कोमल ऋषभ दर वेळी उपरा पाहुणा आल्यासारखा येत होता. चौथ्यांदा तो चुकला आणि स्वयंपाकघरातून, पोळी लाटता लाटता, ती ओळ बरोबर आली. अगदी सहज. फुगलेली पोळी उतरावी तशी.

मियाँचं बोट पेटीवर थांबलं. ‘अंदर कौन गाया?’

तेव्हा आम्हाला कळलं ते असं. लग्नाआधी माहेरी, परभणीला, मामी दोन वर्षं पेटी आणि गाणं शिकल्या होत्या. लग्न ठरलं तेव्हा ते थांबलं. थांबवलं असं नव्हे, थांबलं. कुणी बंदी घातली नाही, कारण कुणी विचारलंच नाही. मियाँ म्हणाले, ‘बहनजी को बिठाओ ना.’ मामी आतून म्हणाल्या, ‘आणि पोळ्या कोण करील?’

माणसाच्या आयुष्यात नाटकानं जे काही घडवायचं असतं ते मामांच्या बाबतीत त्या क्षणी घडलं असं माझं मत आहे. पहाटेचा ‘सा’ ही नुसती नांदी होती. मामा उठले, स्वयंपाकघरात गेले आणि मामींच्या हातातलं लाटणं घेतलं. पुढे जे लाटलं गेलं त्याला पोळी म्हणणं कठीण होतं. त्याचा आकार पाहून आमच्या धाकट्या बहिणीनं भूगोलाचा अभ्यास केला असता. मामी बाहेर येऊन बसल्या नाहीतच. चार माणसांत गायचं त्यांना कसंसंच होई. त्या दाराच्या आतल्या बाजूला पाटावर बसल्या. मियाँनी मग आपली खुर्ची उचलली आणि तोंड दाराकडे करून मांडली. त्या दिवसापासून गाणं दाराआडून होऊ लागलं आणि मामा कणीक तिंबत ‘वाहवा’ म्हणू लागले. गळा नव्हता, पण कान होता. आणि कानाचा उपयोग काय, हे त्यांना समजायला सहा महिने आणि एक बढती खर्च झाली होती.

मामी मोठ्या गायिका झाल्या असं काही झालं नाही. रेडिओवर गेल्या नाहीत, गणेशोत्सवातही नाही. आमच्या गल्लीतल्या अंधारात पंधरा-सोळा वर्षं एक बाई संध्याकाळी तासभर स्वतःचं स्वतः गात होती, एवढंच. पण अण्णासाहेबांनी १८८० मध्ये जे केलं ते याहून वेगळं काय होतं? सूत्रधाराला बाजूला करून ज्याचं त्याला गायला लावलं. आमच्या घरात सूत्रधार स्वतःहून बाजूला झाला आणि पोळ्या लाटायला गेला. मला हा ‘शाकुंतला’इतकाच मोठा रंगभूमीय बदल वाटतो.

२०१५ साली ‘कट्यार’चा चित्रपट आला. सुबोध भाव्यांचं दिग्दर्शन, पंडितजी शंकर महादेवन, खाँसाहेब सचिन पिळगावकर. मामा तेव्हा नव्हते. मी मामींना मल्टिप्लेक्सला घेऊन गेलो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी काढलेल्या तिकिटाचं नाटक त्या पहिल्यांदा पाहत होत्या, आणि तेही पडद्यावर. चित्रपट देखणा आहे. नाटकात जी हवेली आपल्याला मनात बांधावी लागे ती इथे बांधलेलीच मिळते, आणि सूर इतके चकचकीत की त्यांवर बोटाचा ठसा उमटू नये. पण नाटकात खाँसाहेब चार हातांवर उभा राहून गात असे आणि त्याचा घाम दिसे. घाम दिसला की पुढच्या माणसाला ‘हे आपल्यालाही जमेल का?’ असं वाटतं. पडद्यापुढे आपण फक्त थक्क होतो, आणि थक्क झालेला माणूस पहाटे पाचला उठत नाही. संगीत नाटकाची ताकद त्याच्या परिपूर्णतेत नसून त्याच्या जवळ असण्यात आहे, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

बाहेर आल्यावर मी मामींना विचारलं, ‘कसा वाटला?’

मामी जरा विचार करून म्हणाल्या, ‘गाणी छान आहेत रे. सगळे एकमेकांचं गाणं चोरतायत, त्यावरून तलवारी काढतायत. पण एवढ्या मोठ्या हवेलीत स्वयंपाक कोण करतंय, ते काही मला दिसलं नाही.’

‘कट्यार’वर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यातलं बरंचसं मी वाचलं आहे, आणि त्यात इतकी नेमकी टीका मला आढळली नाही. तेव्हापासून कुठल्याही नाटकाचं परीक्षण वाचताना संहिता, दिग्दर्शन, नेपथ्य हे सगळं मी भराभर चाळतो आणि शेवटच्या ओळीपाशी थांबतो. ‘इतरांनी यथायोग्य साथ दिली.’ या इतरांत कोण कोण होतं, त्यांतल्या कुणाला गाता येत होतं, आणि तिकीट मुळात कुणाचं होतं, एवढं त्या टीकाकारानं जाता जाता विचारून घ्यावं, असं मला वाटतं.